मामंजींची फळी

आमच्या सुनेनं मागच्या वर्षी हिरवी मॅट आणली, आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो ती ठेवायची कुठं. कापड कापायला खाली घालतात ती मॅट. ए-वन मापाची, म्हणजे दोन फुटांना जरा कमी रुंद आणि पावणेतीन फूट लांब, जाडीला तीन मिलिमीटर. गुंडाळायची नाही, दुमडायची नाही, उन्हात ठेवायची नाही, तिच्यावर इस्त्री टेकवायची नाही. मी म्हटलं, "अगं, ही मॅट आहे का जावई?"

वाशिंदला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. ओटीची अर्धी बाजू बंद करून शिवणाची खोली केलेली, दहा बाय आठची, वर पत्रा. तिच्यात दोन मशिनी, कपड्यांचं कपाट, एक दिवाण, आणि गिऱ्हाईक आलं तर उभं राहायला जेमतेम जागा. मॅटनं अडचण केली खरी, पण या घरात हा प्रश्न नवा नव्हता. माझ्या आधीच्या तीन पिढ्या याच प्रश्नात गेल्या. शिवायला जागा लागते ती मशिनीएवढी. कापायला मात्र अंगभर जागा लागते, आणि ती नेहमी दुसऱ्या कशाच्या तरी वाटणीची असते.

मामंजी सांगायचे, त्यांच्या आजोबांना कापायची जागा ठेवायचा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण ती उचलायचीच नसे. जमिनीवर कापायचं. लग्नसराईत शिंपी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसायचा, त्याला ओटी सारवून द्यायचे, आणि तिथंच कापड पसरून काम सुरू. काम तरी किती असणार? अंगावरचं बहुतेक कापड तेव्हा न शिवलेलंच. पुरुषाचं धोतर, डोईचं पागोटं, बाईचं लुगडं, सगळं मागावरून उतरलं तसंच नेसायचं. शिंप्याच्या वाट्याला यायची चोळी, बंडी, पोराचं अंगडं-टोपडं आणि कुंची, कधी बैलाची झूल. चोळी तर खणातून निघते, आणि खणाचा तुकडा अंथरायला हातभर जमीन पुरते.

सारवलेल्या जमिनीचा एक गुण आता मॅट पाहिल्यावर माझ्या ध्यानात आला. कात्रीचं खालचं पातं जमिनीला घासून पुढं सरकतं. टोकानं ओरखडे पडतात, बारीक खड्डे होतात, आणि कापड त्यात अडकतं. पण दोन-चार दिवसांनी घरची बाई शेणाचा हात फिरवते आणि जमीन पुन्हा कोरी. सुनेच्या मॅटच्या वेष्टनावर लिहिलंय 'सेल्फ-हीलिंग', म्हणजे कापलेलं आपोआप भरून येणारी. आपोआप! आमच्या जमिनीला भरून आणायला सासूच्या सासूचे गुडघे लागायचे.

वाशिंदच्या शिंप्याची गोष्ट रेल्वे सोडून सांगता येत नाही. मुंबईहून ठाण्याला गाडी १८५३ साली आली हे सगळ्यांना पाठ असतं. कल्याणहून पुढं ती १ ऑक्टोबर १८५५ ला वाशिंदपर्यंत आली आणि थांबली. आसनगावला जायला १८६० उजाडलं, कसाऱ्याला १८६१, आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोचायला १८६५. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ आमचं गाव हे रूळ संपण्याचं गाव होतं. घाट उतरून आलेल्या बैलगाड्यांना माल रेल्वेला लावायचा तर इथंच यावं लागत असणार. आज कसारा लोकलमध्ये बसलेल्या माणसाला वाशिंद म्हणजे खडवली आणि आसनगावच्या मधलं एक स्टेशन. तेव्हा ते टोक होतं, आणि टोकाच्या गावाला बाजार बसतो. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ ला काढली आणि ती १८५६ ला चालू झाली. रूळ आधी आला, गिरणीचं कापड मागून. त्या कापडाबरोबर सदऱ्याची हौस आली, आणि सदरा खणातून निघत नाही. त्याला पाठ लागते, बाह्या लागतात, मुंढा गोल कापावा लागतो. अंथरायला माणसाएवढी जागा लागायला लागली ती तेव्हापासून.

मामंजींचे आजोबा इथं आले तोवर गाडी कधीच घाटापार गेली होती. ते पोटासाठी आले, की पाहुण्याकडं आले आणि राहिले, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मशीन त्यांच्या मुलानं घेतली. सिंगरची. ही अमेरिकन कंपनी हप्त्यानं मशिनी विकण्यात पटाईत. हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन एवढ्या मुलखाची तिची एजन्सी मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडं होती. आमची मशीन मात्र सेकंडहँड, कल्याणहून कुणाच्या तरी डोक्यावरून आलेली. काळी, सोनेरी नक्षी पुसलेली. तिचं चाक अजून आहे, माळ्यावर.

मशीन आली आणि शिंपी जमिनीवरून उठला. हातमशीन असेतो मांडी घालून बसता येत होतं, पायमशिनीला स्टूल लागलं. मग कापायलाही उभं राहावं असं वाटायला लागलं. फळी आली ती अशी.

सागाची फळी. शहापूर-मुरबाडच्या बाजूला सागाला तोटा नव्हता. दोन फळ्या मागून पट्ट्या ठोकून एक केलेल्या, सहा फूट लांब, अडीच रुंद. काम असलं की दोन पत्र्याच्या ट्रंकांवर आडवी टाकायची. फळीच्या पुढच्या काठाला पितळी चुका मारलेल्या, तीन-तीन इंचांवर एक, म्हणजे दोन तसूंवर एक. गजाचे चोवीस तसू, तसू दीड इंचाचा, हा हिशोब मामंजींच्या बोटात होता. देशात दशमान मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, टेपच्या एका बाजूला सेंटिमीटर उमटले. ती बाजू मी अजून सरळ वाचलेली नाही. गिऱ्हाईकही "छाती छत्तीस" म्हणतं, एक्क्याण्णव म्हणत नाही. मॅटवरही एका अंगाला इंचाच्या चौकटी आहेत आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटरच्या. आम्ही इंचाची बाजू वर ठेवतो, सेंटिमीटर दिवाणाकडं तोंड करून झोपतात.

कापून झालं की फळी दाराआड उभी राहायची. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहिलं. नुसती उभी मात्र ती कधी नसायची. पाहुणा आला की तिच्यावर गादी पडायची. गौरी-गणपतीत तिच्यावर मखर बसायचं, आणि ते दीड-पाच दिवस मामंजी परत जमिनीवर बसून कापायचे, तोंडानं "सवय मोडत नाही" म्हणत. पापड-कुरडयांच्या दिवसांत सासूबाई ती अंगणात न्यायच्या. पण दिवाळीच्या आधीचा महिना फळीला कुणी हात लावायचा नाही, असा घरात कायदाच होता. त्या महिन्यात ट्रंका उघडता येत नसत, म्हणून दिवाळीला घालायचे आपले कपडे आधीच काढून ठेवावे लागत. ते विसरलं तर मिळेल ते घालायचं. एका दिवाळीला मी माहेरच्या जुन्या साडीतच पहिली आंघोळ केली.

मामंजींचं कटिंग पिढीजात. कापडावर खडूच्या चार रेघा, बाकी डोळ्यात. मी शिकले ती कल्याणच्या शिवण क्लासात, आणि तिथं पद्धत झारापकरांची. क्लासातल्या बायांकडून त्यांचं नाव गुरूसारखं निघायचं. आधी वहीत पाव मापाचं ड्राफ्टिंग, मग खाकी कागदावर पूर्ण मापाचं, आणि शेवटी कापड. मी घरी कागद अंथरून मुंढ्याची गोलाई काढत बसले की मामंजी लांबून बघायचे. महिनाभर बोलले नाहीत. मग एकदा माझा कागद उचलला, फळीवर पसरला, त्यावर गिऱ्हाइकाचं पोपलीन टाकलं आणि म्हणाले, "तुझ्या कागदात दाब कुठं धरलाय ते सांग." एवढीच दीक्षा.

फळीसाठी मी दोनदा भांडले. एकदा ती बचत गटाच्या बैठकीला बाक म्हणून नेली तेव्हा. दुसऱ्यांदा घर वाढवताना गवंड्यानं पहाड म्हणून वापरली तेव्हा. त्यातून आली ती सिमेंटनं पोचे पडून, चुका वाकून. मामंजी तेव्हा नव्हते, हे बरं. त्यानंतर मी सनमायक्याचं कटिंग टेबल करून घेतलं. गुळगुळीत, पण त्याच्यावर कापड सरकतं. सागावर कापड जरा धरून राहायचं.

उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात टेबल बघितलं तेव्हा आपण काय करत होतो ते समजलं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्या होत्या तिथं. १९४९ ला त्याला उल्हासनगर नाव मिळालं, आणि गावाला अजून कॅम्प एक, कॅम्प दोन असंच म्हणतात. आमचं कापड तिथूनच येतं. टेबल खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्याच्यावर डेनिमचे थरावर थर, वरच्या थरावर आखणी, आणि कटिंग मास्तर उभ्या पात्याचं विजेचं यंत्र वडीतून सुरी फिरवावी तसं फिरवत होता. ते टेबल कधीच उचललं जात नाही. तिथं जागा टेबलाची असते, माणसं कडेनं वावरतात. आणि सगळ्यांत जास्त मान कटिंग मास्तरचा, शिवणाऱ्यांचा नव्हे. चुकीचं शिवलेलं उसवता येतं, चुकीचं कापलेलं कुठं नेणार?

म्हणून २०२४ ला राज्यानं शाळांचे गणवेश शिवायचं काम बचत गटांतल्या बायांना द्यायचं ठरवलं, आणि कापड आधीच कापून येणार असं कळलं, तेव्हा मला ते अर्धवट वाटलं. त्याच डिसेंबरात ते बदललं आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं गेलं. कापलेले तुकडे हाती देऊन शिवायला सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या पिठाची पोळी लाटणं. गोल येईल, पण मऊ का आली नाही ते आपल्याला सांगता येणार नाही.

आता मॅट. सून गोधड्या करते. आमच्याकडं जुनी लुगडी थरावर थर घालून धावदोऱ्यानं शिवतात त्या नव्हेत, चौकोनी तुकडे जोडून केलेल्या, ऑर्डरच्या. एका गोधडीला दोन-अडीचशे तुकडे, सगळे एकाच मापाचे. कात्रीनं कापले तर अंगठ्याचं मूळ सुजतं. माझं सुजलेलंच आहे, मेरठची जड कात्री तीस वर्षं चालवून. तिच्याकडं गोल पात्याचं कटर आहे, पिझ्झा कापतात तसलं. ते जपानचं डोकं. ओसाकात योशिओ ओकादा नावाचा छापखान्यातला माणूस होता. चांभार काचेच्या तुकड्यानं कापायचे आणि धार गेली की काच फोडून नवी धार करायचे, ते त्यानं पाहिलं होतं. अमेरिकी सैनिकांच्या चॉकलेटच्या वड्याही पाहिल्या होत्या. त्यातून त्यानं १९५६ ला मोडत जायच्या पात्याची सुरी केली. त्याच्याच ओल्फा कंपनीनं १९७९ ला हे चाकाचं कटर काढलं. कात्री कापडाला दोन पात्यांत धरते, चाक वरून दाबतं, तेव्हा खाली काहीतरी कापलं जाणारच. सनमायक्यावर फिरवलं तर सनमायका गेला आणि पातंही गेलं. म्हणून मॅट. तिचा वरचा थर मऊ प्लास्टिकचा. पातं त्यातून काही काढून नेत नाही, नुसतं बाजूला सारतं, आणि पातं गेलं की फट मिटते.

पहिल्या एप्रिलात सुनेनं ती कपाटाला टेकवून उभी केली. इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली त्याहून वर. चार दिवसांत मॅटला पोट सुटलं. सागाची फळी वर्षानुवर्षं दाराआड उभी राहिली आणि सरळ राहिली, हे सांगायचा मोह मी आवरला नाही. मॅट तासभर उन्हात टाकून मऊ केली, सपाट फरशीवर ठेवून वर गव्हाचा डबा आणि पाटा ठेवला. दोन दिवसांत बरीचशी बसली, एका कोपऱ्यात अजून हलका उठाव आहे. मग पँटच्या क्लिपवाल्या हँगरला लावून भिंतीवर टांगली. भिंत पश्चिमेची निघाली, संध्याकाळी तापणारी. माळ्यावर ठेवावी तर पत्रा हातावर. मशीनमागं सरकवली तर पावसाळ्यात पाठीला बुरशी, ती पुसून निघते, पण कापडाला तिचा वास लागतो.

शेवटी दिवाण. गादीखालच्या प्लायवर ती सपाट बसते, वरून गादीचं वजन, ऊन नाही, ओल नाही. सगळ्यात बरी जागा तीच ठरली. काम असलं की गादी उचलायची, मॅट ओढून काढायची, टेबलावर घालायची.

अडचण एकच. दुपारी नातू त्या दिवाणावर झोपतो, आणि सून म्हणते, "आई, त्याला उठवू नका हं." मग मी खणातून कात्री काढते, फरशी ओल्या फडक्यानं पुसते आणि कापड खाली अंथरते.