डिचोलीचे न झालेले युद्ध

विकिपीडिया या आंतरजालावरील ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीत जुलै २००७ मध्ये गोव्याच्या इतिहासावरील एक दीर्घ लेख दाखल झाला. १६४० च्या अखेरीपासून १६४१ च्या प्रारंभापर्यंत पोर्तुगीज सत्ता आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीच्या मुलखात एक अघोषित युद्ध झाले व शेवटी तह होऊन ते मिटले, असा त्याचा आशय. सुमारे ४,५०० शब्दांचा मजकूर, त्यास तळटीपा आणि ग्रंथांचे दाखले, असा सारा थाट होता. सप्टेंबर महिन्यात त्यास ‘चांगला लेख’ ही श्रेणी मिळाली आणि पाच वर्षांहून अधिक काळ ती त्याच्याकडे राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये एका सदस्याने त्यातील संदर्भग्रंथ शोधावयास घेतले, तेव्हा ते ग्रंथच कोठे अस्तित्वात नाहीत असे निष्पन्न झाले. लेख काढून टाकण्यात आला. ग्रंथांप्रमाणे ते युद्धही कधी झालेलेच नव्हते.

बनावट सनदा आणि पदरच्या वंशावळी यांचा परिचय असलेल्या मराठी वाचकास बनावट लेखाचे नवल वाटू नये. आम्हांस नवल वाटते ते त्यावर बसलेल्या शिक्क्याचे. तो कसा बसला हे पाहू लागलो की ज्ञानकोशातील इतिहासलेखांची प्रतवारी नेमकी कशाची होते, हा प्रश्न उभा राहतो.

ही प्रतवारी दुहेरी आहे. गुणवत्तेच्या शिडीवर अगदी त्रोटक लेख तळाशी असतो. त्यावर प्रारंभिक अवस्थेतला लेख, मग ‘क’ आणि ‘ब’ वर्ग (पैकी ‘क’ वर्ग २००८ मध्ये मागाहून घातला गेला), पुढे ‘चांगला लेख’, ‘अ’ वर्ग आणि सर्वांत वर ‘निवडक लेख’. दुसरी मोजणी महत्त्वाची असते. सर्वोच्च, उच्च, मध्यम आणि अल्प अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. हा सारा खटाटोप आरंभी एका व्यावहारिक गरजेतून निघाला. लक्षावधी लेखांतून निवडक लेख वेचून त्यांची छापील किंवा तबकडीवरील आवृत्ती काढावयाची होती, आणि २००७ मध्ये सुमारे २,००० लेखांची अशी एक तबकडी निघालीही. तबकडीचे दिवस सरले तरी शिक्के मारण्याची पद्धत राहिली.

‘चांगला लेख’ ही श्रेणी देण्यास एक परीक्षक पुरेसा असतो. त्याने त्या लेखाच्या लिखाणात विशेष हात घातलेला नसावा, एवढी अट. तो भाषा पाहतो, विषयाच्या मुख्य अंगांचा परामर्श घेतला आहे का ते पाहतो, सूर तटस्थ आहे ना आणि विधानांना आधार जोडले आहेत ना, हेही पाहतो. सगळे निकष रास्त आहेत. मात्र आधार जोडलेला असणे आणि तो आधार उघडून वाचणे यांत फार अंतर आहे, आणि परीक्षक बहुधा पहिल्यावरच थांबतो. हाच लेख ऑक्टोबर २००७ मध्ये ‘निवडक’ श्रेणीसाठी पुढे आला, तेव्हा तेथे अनेकांची संमती लागत असल्याने तो नाकारला गेला. पण आक्षेप कोणता, तर तो मोजक्याच ग्रंथांवर फार विसंबतो! ते मोजके ग्रंथ आहेत तरी कोठे, हे तेव्हाही कोणी विचारले नाही.

खरे पाहता ग्रंथ शोधण्याचीही गरज नव्हती. १६४० च्या अखेरीस शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. शहाजी राजे १६३६ च्या तहानंतर आदिलशाहीच्या चाकरीत असून कर्नाटकाच्या मोहिमांत गुंतले होते. मग पोर्तुगीजांशी लढले ते ‘मराठा साम्राज्य’ कोणते? डिचोलीवरही त्या वेळी विजापूरचा अंमल होता. पोर्तुगीजांच्या हाती होते ते तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी. डिचोली त्यांच्याकडे गेली ती १७८० च्या दशकात, सावंतवाडीकर भोसल्यांकडून, आणि म्हणूनच तो मुलूख गोव्यात ‘नव्या काबिजादी’त मोडतो. १६४० च्या सुमारास पोर्तुगीजांना खरा घोर होता डचांचा. डच आरमार वर्षामागून वर्ष मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करीत होते. कोणास कागदच हवे असतील, तर पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या राज्यमंडळाच्या १६१८ ते १७५० या काळातील ठरावांचे पाच खंड १९५० च्या दशकातच छापून ठेवले आहेत. मराठ्यांशी कित्येक महिने युद्ध चालते, तर त्याचा पत्ता या खंडांत लागल्यावाचून राहता ना.

म्हणजे डिचोलीच्या, पेडण्याच्या किंवा सावंतवाडीच्या बऱ्यापैकी वाचन असलेल्या शिक्षकास जे एका दृष्टिक्षेपात उमगले असते, ते शिडीवरल्या परीक्षकास पाच वर्षे उमगले नाही. त्याचे अज्ञान हे कारण आम्ही मानत नाही. ज्याला उमगले असते त्याच्यासमोर तो लेख गेलाच नाही, हे खरे कारण. येथे प्रतवारीची दुसरी बाजू, म्हणजे महत्त्व, आड येते. विकिपीडियावर महत्त्व ठरवितात ते त्या त्या विषयाचे स्वयंसेवक-गट, आणि एकाच लेखास एक गट ‘उच्च’ तर दुसरा ‘अल्प’ म्हणू शकतो. (लष्करी इतिहासाच्या गटाने महत्त्वाची मोजणी मुळातच स्वीकारलेली नाही, हे शहाणपण म्हणावयाचे.) याखेरीज अत्यावश्यक विषयांच्या १,०००, १०,००० आणि ५०,००० लेखांच्या चढत्या याद्या आहेत. अशा मापाने एखाद्या तालुक्यातील चकमक तळाशी जाणार हे उघड आहे. तिच्याकडे पाहणारे डोळे थोडे, म्हणून तिथली चूक दीर्घायुषी. ‘अल्प महत्त्व’ आणि ‘चांगली गुणवत्ता’ ही जोडी आम्हांस म्हणूनच सर्वांत धोक्याची वाटते. पानिपतावर कोणी खोटे लिहिले, तर दुसऱ्या दिवशी दहा जण धावून येतील.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील आमच्या वाचकांना हे विशेष लागू आहे, कारण आपापल्या गावचा इतिहास हा जगाच्या यादीत नेहमी अल्प महत्त्वाचाच असतो. इंदूरच्या एखाद्या छत्रीचा किंवा बेळगावच्या किल्ल्याच्या एखाद्या वेढ्याचा लेख तपासावयास लंडनचा स्वयंसेवक पुरा पडणार नाही. छापील कोशांत या अडचणीवर एक उपाय असे. मराठी विश्वकोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते, आणि ते वाचून त्यावर किती भार टाकावयाचा हे जाणकार ठरवू शकतो. केतकरांच्या ज्ञानकोशाशी वाद घालणारास कोणाशी वाद घालतो आहोत हे ठाऊक होते. डिचोलीच्या लेखाचा कर्ता एका टोपणनावामागे होता, आणि सहीच्या जागी होता तो शिक्का. नाव असले म्हणजे चूक होत नाही असे नाही. पण चूक कोणाची, एवढे तरी कळते.

दरम्यान डिचोली तालुक्यातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ उभे आहे. त्याच्या जीर्णोद्धाराची शिवाजी महाराजांची आज्ञा सांगणारा १६६८ चा शिलालेख तेथे आहे. त्याच्या आदल्या वर्षी महाराजांच्या फौजेने बारदेशावर स्वारी केली होती आणि पाठोपाठ पोर्तुगीजांशी तह झाला होता. हे युद्ध खरेच झाले, आणि त्याचे कागद पणजीच्या दफ्तरात सापडतात.