डायलिसिस आणि नोकरी : साठ वर्षांचा इतिहास

दीर्घकालीन डायलिसिसची सुरुवात 9 मार्च 1960 रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात झाली. पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स हा बोइंग विमान कारखान्यातील यंत्रकामगार होता. उपचार चालू ठेवून नोकरी कशी करायची, हा प्रश्न त्या दिवसापासूनच या उपचाराला चिकटलेला आहे.

रक्त शरीराबाहेर काढून शुद्ध करण्याचे यंत्र त्याआधीही होते. जर्मन फौजांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन गावी, डॉ. विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये सेलोफेनची नळी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. अडचण रक्तवाहिन्यांची होती. दर वेळी नवी धमनी आणि नवी शीर उघडावी लागे, आणि थोड्याच खेपांत जागा संपत. म्हणून हा उपचार मूत्रपिंडे तात्पुरती बंद पडलेल्या रुग्णांपुरताच राहिला. ज्यांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली होती, त्यांच्या हाती काही आठवडेच उरत.

सिएटलमधील डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी अभियंता वेन क्विंटन यांच्या मदतीने ही अडचण सोडवली. टेफ्लॉनची एक बारीक नळी हाताच्या धमनीत आणि दुसरी शिरेत कायमची बसवायची आणि त्यांची टोके त्वचेबाहेर ठेवायची. उपचाराच्या वेळी ती यंत्राला जोडायची. एरवी इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या नळीने एकमेकांना जोडून रक्त वाहते ठेवायचे. यालाच स्क्रिब्नर शंट म्हणतात. शील्ड्स त्यानंतर 11 वर्षे जगले. मात्र बाहेर लोंबणारी नळी ओढली गेली तर रक्तस्राव होई, तिच्यात गुठळी होई, जंतुसंसर्ग होई. बँडेजमध्ये गुंडाळलेला हात सांभाळत लेथवर किंवा गोदामात काम करणे सोपे नव्हते. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील डॉ. जेम्स चिमिनो आणि डॉ. मायकेल ब्रेसिया यांनी त्वचेखालीच धमनी आणि शीर जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हाच आजचा फिस्टुला. त्यावर बोट ठेवले की रक्ताची थरथर जाणवते. त्या हाताने जड ओझे उचलायचे नाही, त्यावर घट्ट घड्याळ बांधायचे नाही, त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, एवढी पथ्ये पाळली की हात कामाला मोकळा राहतो.

सिएटलमध्ये जानेवारी 1962 मध्ये जगातले पहिले बाह्यरुग्ण डायलिसिस केंद्र सुरू झाले. यंत्रे मोजकी, खर्च अफाट आणि रुग्ण पुष्कळ अशी स्थिती होती. वैद्यकीय निकषांवर योग्य ठरलेल्यांतून निवड करण्याचे काम सात नागरिकांच्या समितीकडे सोपवले गेले. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि शल्यचिकित्सक होते. वय, विवाह, अवलंबून असलेली माणसे, उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय, आजवरची कामगिरी आणि पुढील शक्यता हे सारे समिती विचारात घेई. नोव्हेंबर 1962 मध्ये शेना अलेक्झांडर यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात या समितीवर लिहिले आणि देशभर वाद उसळला. ज्याच्यापाशी स्थिर नोकरी आणि संसार, त्याचे पारडे जड, असा या पद्धतीचा अर्थ होता. उपचारामुळे माणूस कामावर परतेल ही आशा उलटी होऊन कामावर असणे हीच उपचाराची पात्रता बनली. या वादातून जीवनैतिकता या अभ्यासशाखेला मोठी चालना मिळाली.

केंद्राबाहेर वाट शोधण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. नॉर्वेच्या फ्रेडरिक कील यांनी बनवलेल्या सपाट पाट्यांच्या डायलायझरमध्ये रक्त ढकलण्यासाठी पंप लागत नसे. दर खेपेला पाट्यांमध्ये पातळ पडद्याचे ताव अंथरायचे, पाट्या आवळायच्या आणि गळती नाही ना हे तपासायचे. काम किचकट होते, पण घरच्या माणसाला शिकता येण्याजोगे होते. लंडनमध्ये डॉ. स्टॅन्ली शाल्डन यांनी रुग्णांनाच यंत्र चालवायला शिकवले आणि झोपेत उपचार घेण्याची पद्धत रुळवली. 1964 च्या सुमारास सिएटल, बोस्टन आणि लंडन येथे घरगुती डायलिसिस सुरू झाले. यंत्राला लागणारे तास रात्रीचे झाले, त्यामुळे दिवस कामासाठी मोकळा राहिला. लंडनचे रॉबिन ईडी वैद्यकीय विद्यार्थी असताना 1963 मध्ये उपचारासाठी उत्तर अमेरिकेत गेले. पुढे अनेक वर्षे डायलिसिसवर राहूनही ते त्वचारोगशास्त्राचे प्राध्यापक झाले.

पैशाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. 4 नोव्हेंबर 1971 रोजी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीसमोर शेप ग्लेझर या रुग्णाने साक्ष देताना तिथेच डायलिसिस करून दाखवले. त्यांनी सांगितलेली हकीकत नोकरीशी थेट निगडित होती. ते विक्रेते होते. डायलिसिसच्या सामानाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी नोकरी सांभाळून दुसऱ्या एका मालाची विक्री सुरू केली. ते मालकाला कळले आणि नोकरी गेली. उपचारासाठी जास्त कमवायला गेले आणि होती ती कमाईही गमावून बसले.

पुढल्या वर्षी सिनेटर व्हान्स हार्टके यांनी या उपचाराचा खर्च सरकारने उचलावा अशी कायद्यातील दुरुस्ती मांडताना कामाचाच आधार घेतला. डायलिसिसवरील 60 टक्के रुग्ण नवे प्रशिक्षण घेऊन कामावर परतू शकतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना प्रशिक्षणाचीही गरज नाही, असे त्यांनी सांगितले. 30 ऑक्टोबर 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली. 1 जुलै 1973 पासून मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक सर्व अमेरिकी नागरिकांना, वय काहीही असले तरी, मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून उपचार मिळू लागला. निवड समित्यांची गरज संपली. हे त्या कायद्याचे मोठे यश होते.

कामावर परतण्याची आशा मात्र त्या प्रमाणात फळली नाही. पूर्वी निवडलेले तरुण रुग्ण येत. आता वयस्कर आणि मधुमेहाने खंगलेले रुग्णही येऊ लागले. त्याच काळात केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली आणि 1973 मध्ये 40 टक्क्यांच्या आसपास असलेले घरगुती डायलिसिसचे प्रमाण काही वर्षांतच निम्म्याहून खाली आले. केंद्रातील उपचार म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी सुमारे चार तास. त्यात जाणे-येणे आणि नंतरचा थकवा धरला की कामाचा बहुतेक दिवस जातो.

थकव्याचे एक मूळ रक्तक्षयात होते. निकामी मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक पुरेसे बनवत नाहीत, म्हणून रक्त कमी तयार होते. वारंवार रक्त चढवणे हाच तोवर मुख्य उपाय होता. 1989 मध्ये अमेरिकेत हे संप्रेरक औषध म्हणून मंजूर झाले आणि जिना चढताना धापा टाकणाऱ्या अनेकांच्या अंगात बळ आले. दुसरीकडे, 1976 मध्ये टेक्सासमधील पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी मांडलेल्या पोटाच्या डायलिसिसने यंत्राची गरजच काढून टाकली. पोटातील नळीवाटे द्रव भरायचा, काही तासांनी काढायचा आणि नवा भरायचा. दिवसातून साधारण चार वेळा पिशवी बदलावी लागते, पण ऑफिसात हात धुण्याची सोय आणि एक स्वच्छ, बंद खोली असली तर मधली बदली तिथेही करता येते. 1990 च्या दशकात टोरांटोतील रॉबर्ट उल्डॉल आणि आंद्रेआस पिएराटोस यांनी आठवड्यातून पाच-सहा रात्री घरी, झोपेत डायलिसिस करण्याची पद्धत पुन्हा पुढे आणली.

अमेरिकेत 1990 च्या अपंग नागरिक कायद्याने मालकांवर वाजवी सोय करून देण्याचे बंधन घातले. 1993 च्या कायद्याने ठरावीक आकाराच्या आस्थापनांत वर्षाला 12 आठवड्यांची बिनपगारी रजा मिळाली. ती तुकड्यातुकड्याने घेता येते आणि नियमांत डायलिसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. पण 12 आठवडे म्हणजे कामाचे 60 दिवस. आठवड्यातून तीनदा अर्धा दिवस घेतला तर ही रजा 40 आठवड्यांत संपते आणि वर्षाचे 12 आठवडे उरतातच.

भारतात डायलिसिस दीर्घकाळ मोठ्या शहरांपुरते आणि खिशातून खर्च करू शकणाऱ्यांपुरते होते. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत यंत्रे पोहोचू लागली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि एसटीनेही अशा रुग्णांना प्रवासात सवलत दिली. उपचार आणि प्रवासाला असा आधार मिळाला, नोकरीला मात्र मिळाला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत, मूत्रपिंडाचा आजार नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणामुळे कामावरून काढणे हे कामगारकपातीच्या व्याख्येतून वगळले होते, त्यामुळे कपातीची भरपाई अशा कामगाराला लागू होत नसे.

गेल्या साठ वर्षांचा अनुभव एकच गोष्ट दाखवतो. जिथे उपचार रात्री, घरी किंवा कामाच्या वेळेबाहेर मिळाला, तिथे नोकरी टिकण्याची शक्यता वाढली. उपचार दिवसा, केंद्राच्या सोयीने मिळाला तिथे तो मोफत असूनही नोकरी जात राहिली. म्हणून यंत्रांची संख्या वाढवण्याबरोबरच केंद्रांत संध्याकाळची आणि रात्रीची पाळी सुरू करणे, पोटाच्या डायलिसिसचे सामान घरपोच देणे आणि कायद्याने रजेचा हक्क देणे, ही तीन कामे सरकारने आणि मालकवर्गाने हाती घ्यायला हवीत.