व्हेज की नॉनव्हेज?

भाड्याचं घर शोधताना हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. वरवर तो आवडीनिवडीचा वाटतो. पण ताटावरून माणसाची पायरी ठरवण्याची आपली रीत फार जुनी आहे.

गावात मेलेलं ढोर ओढून नेणं हे महारांच्या माथी मारलेलं काम होतं. काम गावाचं, मोबदला म्हणून त्याच ढोराचं मांस, आणि ते खातात म्हणून विटाळही गावानेच धरायचा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस सोडा, असं सांगितलं. तो शाकाहाराचा प्रचार नव्हता. प्रश्न स्वाभिमानाचा होता.

मग २० मार्चला ही माणसं चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. उत्तर काय मिळालं? मारहाण. नंतर सवर्णांनी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. म्हणजे मांस सोडण्याचा निर्धार करणाऱ्यांच्या हातचं साधं पाणीसुद्धा चालत नव्हतं. अडचण ताटाची नव्हतीच, माणसाची होती.

कुणी काय खावं आणि काय सोडावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. घरमालक 'व्हेज की नॉनव्हेज' विचारतो, तेव्हा अनेकदा त्याला जेवण नाही, आडनाव जाणून घ्यायचं असतं.