गज थरथरू लागला तेव्हा...

व्हायोलिन ऐकणाऱ्यांना हायफेट्झ, ऑइस्त्राख, मेन्युहिन ही नावं ठाऊक असतात. युझेन इझाई हे नाव मात्र फारसं कानावर पडत नाही. खरं तर हा बेल्जियन माणूस त्यांच्या आधीच्या पिढीतला राजा! पण मला त्याच्या वादनापेक्षा, वादन हातातून सुटत गेलं तेव्हा त्याने काय केलं, ते जास्त मोलाचं वाटतं.

जन्म १८५८, लिएज. कोळशाच्या खाणींचं शहर. पहिले धडे वडिलांकडे, पुढे व्हिएनियाव्स्की आणि व्ह्यूताँ हे दोन दिग्गज गुरू. १८८६ मध्ये याचं लग्न झालं तेव्हा सेझार फ्रांकने आहेर काय द्यावा? व्हायोलिन-पियानोचा अख्खा सोनाटा! इझाईने तो घाईघाईने तालीम करून त्याच दिवशी पाहुण्यांना ऐकवलासुद्धा. १८९३ मध्ये देब्युसीचं स्ट्रिंग क्वार्टेट पहिल्यांदा वाजवलं तेही इझाई आणि त्याच्या साथीदारांनीच.

ब्रसेल्समध्ये तो स्वतःच्या मैफलींत ऑर्केस्ट्राही चालवायचा. १८९८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने कंडक्टरची जागा देऊ केली, तर गडी चक्क नाही म्हणाला. सोलो कार्यक्रमांतून फुरसत होती कुठे!

मग १९१४ चं महायुद्ध आलं. बेल्जियम सोडून आधी लंडन, नंतर अमेरिका. तोवर मधुमेह मागे लागला होता आणि गजाचा हात थरथरत होता. लांब, संथ सूर काढताना तर हे लपतच नाही. १९१८ मध्ये सिनसिनाटी सिंफनीने विचारलं तेव्हा मात्र त्याने होकार दिला. चार वर्षं तो ऑर्केस्ट्रा सांभाळून १९२२ मध्ये मायदेशी परतला.

आणि खरी गंमत इथून पुढे आहे. १९२३ मध्ये सिगेटीने वाजवलेला बाख ऐकून त्याने एकट्या व्हायोलिनसाठी सहा सोनाटे लिहिले. त्यांचे आराखडे एका दिवसात झाले असं सांगतात. प्रत्येक सोनाटा आपल्याहून तरुण अशा एकेका वादकाला अर्पण, त्याची शैली ओळखून बेतलेला. म्हणजे बघा, आपले हात चालेनात तर इतरांच्या हातांसाठी लिहायचं! रचनेचं रीतसर शिक्षण न घेतलेल्या या माणसाचे हे सोनाटे आज व्हायोलिनवादकांची परीक्षा पाहतात.

१९२९ मध्ये एक पाऊल कापावं लागलं. तरी सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा ऑपेरा लिहीत बसला. विषय लिएजच्या खाणकामगारांचा संप, आणि भाषा? फ्रेंच नव्हे, तिथल्या साध्या माणसांची वालून बोली. फ्रेंचमध्ये लिहिला असता तर श्रोते कितीतरी जास्त मिळाले असते. पण त्या खाणवाल्यांनी पॅरिसच्या भाषेत भांडायचं का? मार्च १९३१ मध्ये लिएजला पहिला प्रयोग झाला तेव्हा इझाई अंथरुणावर होता. आपला ऑपेरा त्याने रेडिओवर ऐकला. त्याच मे महिन्यात तो गेला.

१९३७ मध्ये त्याच्या नावाने ब्रसेल्सला स्पर्धा सुरू झाली. पहिला आला ऑइस्त्राख. तीच आजची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा.

पस्तिशी उलटली की कोडिंग संपलं, आता मॅनेजर व्हा, असं मानणाऱ्या आमच्या धंद्यात हा माणूस मला फार जवळचा वाटतो. ज्यासाठी तो आज वाजवला जातो, ते त्याने पासष्टीला लिहिलं. जमलं तर तिसरा सोनाटा ऐका, जेमतेम सात-आठ मिनिटांचा आहे.