कॅमेरा वाईट दिवशीच का येतो? घरात बसून पाहावेत असे पाच माहितीपट

मालेगावचे नाव काढले की लोकांना २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट आठवतात. यवतमाळचे नाव काढले की शेतकरी आत्महत्या. आम्ही बाभुळगावात राहणारी माणसे, आम्हाला याचा अनुभव आहे. बाहेरगावी जिल्हा सांगितला की समोरचा आधी हळहळतो, मग गावाबद्दल विचारतो. बातमीचा कॅमेरा वाईट दिवशी येतो आणि संध्याकाळी निघून जातो. चांगला माहितीपट करणारे मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे थांबतात. त्यामुळे त्यात ती माणसे हसतानाही दिसतात, कामावर दिसतात, भांडताना दिसतात. मुलांसोबत पाहता येतील अशा पाच माहितीपटांची ही माहिती.

१. सुपरमेन ऑफ मालेगाव (२००८)

दिग्दर्शिका फैजा अहमद खान. लांबी साधारण तासाभराची. मालेगावचे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. तिथेच सिनेमे बघता बघता, जोडता-कापता ते एडिटिंग शिकले आणि २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ बनवला. नंतर त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. त्याच्या शूटिंगची गोष्ट या माहितीपटात आहे. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमागावर काम करणारा, अंगाने अगदी काटकुळा. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो, मध्येच हिरोचे लग्न निघते, तरी काम थांबत नाही. हसून हसून पुरेवाट होते, पण आपण त्यांच्यावर हसत नाही, त्यांच्यासोबत हसतो.

एक गोष्ट मात्र मुलींना घेऊन बसलात तर नक्की बोला. या सिनेमात मालेगावची एकही बाई काम करत नाही, हिरोईन बाहेरून आणावी लागते. आणि हे सगळे टिपणारी दिग्दर्शिका स्वतः एक स्त्री आहे. आपल्या घरातल्या मुलीने कॅमेरा हातात घेतला तर आपण काय म्हणू, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. शफीक २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने वारला.

नावांचा घोळ होऊ देऊ नका. ‘सुपरमॅन’ हा नासिरभाईंचा स्वतःचा सिनेमा, ‘सुपरमेन’ हा माहितीपट, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आलेला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा त्यांच्या आयुष्यावरचा कलाकारांनी केलेला सिनेमा.

२. नीरोज गेस्ट्स (२००९)

दिग्दर्शिका दीपा भाटिया. पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत हा माहितीपट विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या दारात जातो. साईनाथ एक हिशोब वारंवार मांडतात: मुंबईच्या फॅशन वीकमध्ये सुती कपडे दाखवले जात होते, तेव्हा तिथे ५१२ पत्रकार हजर होते. तोच कापूस पिकवणारा विदर्भात जीव देत होता आणि तिथे पोहोचलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते.

३. बिटर सीड्स (२०११)

दिग्दर्शक मिका पेलेड. हा आपल्याच जिल्ह्यातल्या तेलंग टाकळी गावात चित्रित झाला. पेरणीपासून कापूस घरी येईपर्यंतचा एक हंगाम यात आहे. बियाण्याचा भाव, सावकाराचे कर्ज, पावसाची वाट. कर्जापायी वडील गमावलेली एक मुलगी पत्रकार व्हायचे ठरवते आणि गावातच प्रश्न विचारत फिरते. नववी-दहावीच्या मुलांना हा दाखवाच. पडद्यावर आपल्यासारखीच माती, आपल्यासारखीच वऱ्हाडी बोली ऐकली की मुले सरसावून बसतात.

४. जय भीम कॉम्रेड (२०११)

दिग्दर्शक आनंद पटवर्धन. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात १० दलित मारले गेले. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी पुढची १४ वर्षे चित्रण केले. लांबी जवळपास तीन तास, म्हणून दोन बैठकीत पाहा. दृश्ये जड आहेत, लहान मुलांना दाखवू नका. शेजारच्या वस्तीचे दुःख आपल्याला किती माहीत आहे, हे मोठ्यांनी तपासायला हा चांगला.

५. ऑल दॅट ब्रीद्स (२०२२)

दिग्दर्शक शौनक सेन. दिल्लीच्या वजीराबादमध्ये नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ जखमी घारींवर उपचार करतात, तेही घराच्या तळघरात. बाहेर शहराची हवा बिघडते, माणसांची मनेही बिघडतात, आणि हे भाऊ पंखांना टाके घालत राहतात. कान महोत्सवात याला सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला आणि पुढे ऑस्करसाठी नामांकनही.

कसे पाहावे

मोबाईल एकेकाच्या हातात देऊ नका, सगळे मिळून बघा. मध्ये थांबवून अर्थ सांगत बसू नका, मुलांना कळते. संपल्यावर तीनच गोष्टी विचारा: कॅमेरा कोणाच्या हातात होता? कोण बोलले आणि कोण गप्प राहिले? आपल्या गावावर फिल्म काढायची तर सुरुवात कोणापासून करशील? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले, मग ते सरकीचा ढीग असो, शिवणकाम करणारी खाला असो की आठवडी बाजारातला चाचा, तर मुलाला घरातला फोन द्या आणि पाच मिनिटांचे चित्रण करून आणायला सांगा. ज्याचे चित्रण करायचे त्याची परवानगी आधी घ्यायची, एवढी अट घाला.