शपथ न घेणारी माणसे

मंत्र्यांचा शपथविधी दूरचित्रवाणीवर चालू असतो तेव्हा आपले लक्ष नावांकडे आणि संभाव्य खात्यांकडे असते. पण शब्द नीट ऐकले, तर बहुतेक जण ‘ईश्वरसाक्ष’ म्हणतात आणि एखादाच ‘गांभीर्यपूर्वक’. हा दुसरा शब्द उच्चारणारा नास्तिक असणार, असे आपण धरून चालतो. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. प्रत्यक्षात या पर्यायासाठी ज्यांनी तुरुंगवास सोसला, ती माणसे कमालीची धर्मनिष्ठ होती. देव मानत होती म्हणूनच त्यांनी शपथ नाकारली.

ही माणसे म्हणजे सतराव्या शतकातले इंग्लंडमधले क्वेकर. त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स (जन्म 1624) हा विणकराचा मुलगा, जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की शपथ मुळीच वाहू नका, तुमचे ‘होय’ हे होयच असू द्या. इतर बहुतेक पंथांनी यातून न्यायालयाला वगळून घेतले होते. क्वेकरांनी वगळले नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते. शपथेवर मी खरे बोलतो असे म्हटले, की शपथेविना बोलतो ते काय? सत्याच्या अशा दोन प्रती असू शकत नाहीत. आपल्याकडे कोणी वारंवार ‘आईशप्पथ’ म्हणू लागला की ऐकणारा सावध होतो, त्यातलाच हा प्रकार.

1664 मध्ये लँकेस्टरच्या न्यायालयात फॉक्सच्या हाती बायबल देऊन राजनिष्ठेची शपथ घ्यायला सांगितले. तुम्ही ज्या पुस्तकावर शपथ घ्यायला लावता तेच पुस्तक शपथ घेऊ नका म्हणते, असे त्याने ऐकवले. त्याच वर्षी तिथेच मार्गारेट फेल उभ्या होत्या. एका न्यायाधीशाची विधवा, स्वार्थमूर हॉलची मालकीण. राजाशी निष्ठा आहे असे त्या तोंडाने सांगायला तयार होत्या. फक्त शपथेवर नाही. शिक्षा झाली ती जन्मठेप आणि मालमत्ता जप्तीची. सुमारे चार वर्षांनी, 1668 मध्ये, त्या सुटल्या. पुढच्या वर्षी त्यांचा फॉक्सशी विवाह झाला. पत्नीच्या मालमत्तेला आपण हात लावणार नाही असे फॉक्सने आधीच सांगितले होते. त्या काळच्या कायद्याने पत्नीची मिळकत बहुतांशी पतीच्या ताब्यात जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दाची किंमत कळते.

तुरुंग तरी ठरावीक लोकांच्या वाट्याला येई. रोजचा जाच वेगळाच होता. शपथ नाही म्हणजे साक्ष नाही. घरी चोरी झाली तर चोराविरुद्ध बोलता येत नसे, बुडवलेले कर्ज न्यायालयातून वसूल करणे अवघड, मृत्युपत्र सिद्ध करणेही अवघड. उलट व्यापारात त्यांचा जम बसला. तेव्हा घासाघीस हाच बाजाराचा रिवाज होता. क्वेकर दुकानदार मात्र एकच भाव सांगे, कारण जो घ्यायचा नाही तो भाव सांगणे हे त्याच्या लेखी खोटे बोलणे होते. फॉक्सने लिहून ठेवले आहे की सुरुवातीला गिऱ्हाइके तुटली, पण लहान मुलाला पाठवले तरी फसवणूक होत नाही हे कळल्यावर परत आली.

याची दुसरी बाजू कठोर आहे, आणि क्वेकरांचे गोडवे गाणारी पुस्तके ती उरकून टाकतात. ज्यांचा नुसता शब्द शपथेइतका, त्यांचा शब्द मोडला तर? देणे न फेडू शकणाऱ्याला त्यांची सभा सदस्यत्वातून काढून टाकी. कायद्याने दिवाळखोराला मोकळे केले, तरी ऐपत येताच उरलेले देणे फेडावे अशी अपेक्षा असे. न्यूगेट तुरुंगातल्या स्त्री कैद्यांसाठी झटलेल्या एलिझाबेथ फ्राय यांच्या पतीची पेढी 1828 मध्ये बुडाली, आणि त्यांनाही सभेने बाहेर काढले. पत्नीची कीर्ती आड आली नाही. मला हा निर्णय निर्दय वाटतो. पण तो विसंगत होता असे म्हणवत नाही.

कायदा हळूहळू वाकला. 1696 मध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञापूर्वक कथनाची मुभा मिळाली, पण मसुद्यात देवाला साक्षी ठेवलेच होते. ही मागल्या दाराने आलेली शपथच, म्हणून पंथातच फूट पडली. 1722 मध्ये शब्द बदलले तेव्हा वाद मिटला. फौजदारी साक्ष, सरकारी पद हे सारे तरीही बंदच होते. जोसेफ पीझ हा क्वेकर शपथ न घेता पार्लमेंटमध्ये बसला ते 1833 साली. नास्तिकांची पाळी त्याच्याही नंतरची. चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये निवडून आला आणि कथन करू द्या म्हणाला. क्वेकरांना दिलेली सवलत तुला नाही असे त्याला सांगण्यात आले. 1886 मध्ये त्याला एकदाची जागा मिळाली आणि 1888 चा शपथ कायदा त्याच्याच खटपटीने झाला. हाच ब्रॅडलॉ 1889 च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता.

आपल्या न्यायालयांत तोवर ही सोय जुनी झाली होती. गंगाजलावर किंवा कुराणावर शपथ घ्यायला लावण्याने न्यायाच्या कामात अडथळे येतात, म्हणून कंपनी सरकारने 1840 मध्येच हिंदू व मुसलमान साक्षीदारांसाठी कथनाचा मार्ग ठेवला. 1873 च्या कायद्याने तो ज्याची शपथेला हरकत असेल त्या कोणालाही खुला केला. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आज दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आहेत, आणि कोणता का निवडला हे कोणी विचारत नाही.