बंदुकीपासून चित्रापर्यंत

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलांची पक्ष्यांशी ओळख कशी व्हायची? सलीम अलींचं उदाहरण घेऊ. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. सचिव मिलार्ड यांनी त्यांना भुसा भरलेले पक्षी दाखवले. म्हणजे ओळख पटवायला पक्षी मेलेलाच हाताशी हवा!

१९४१ साली अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं. त्यातली रंगीत चित्रं समोर धरून फांदीवरचा जिवंत पक्षी ओळखता येतो.

पण एक लक्षात ठेवा. चिमणीची ही गोष्ट येते १९८५च्या आत्मचरित्रातून. म्हणून साधन वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: मुलाने काय पाहिलं, आणि वृद्ध शास्त्रज्ञाने त्याला कोणता अर्थ दिला?